दिवेवाला की बिनदिव्यांचा

"हा गेमिंगचा, सर. प्रत्येक बटणाखाली रंगीत दिवा!" दुकानातली मुलगी म्हणाली. लग्नाच्या मांडवासारख्या लखलखणाऱ्या त्या कीबोर्डवर सौमित्र जागच्या जागी भाळला.

त्याच्या बायकोने, इरावतीने, शेजारच्या कॉम्प्युटरचा राखाडी, बिनदिव्यांचा, खडखड वाजणारा मेकॅनिकल कीबोर्ड पुढे ओढला. घरी बसून ती दिवसभर सिनेमांची भाषांतरं टाइप करायची; संध्याकाळी त्याच कॉम्प्युटरवर सौमित्र गेम खेळायचा. परवा मामांसमोर तो म्हणाला होता, "हिचं काय, घरबसल्या टाइमपास." तेव्हापासून तिने त्याच्याशी अबोला धरला होता.

कीबोर्ड तपासायच्या निमित्ताने त्याने स्क्रीनवर लिहिलं, 'अजून रागावली आहेस?'

तिने आपल्या स्क्रीनवर खडखडाट केला, 'गेममध्ये तू मेलास की पुन्हा जिवंत होतोस. माझी वेळ चुकली की काम हातचं जातं. आता सांग, टाइमपास कोण करतं?'

दुकानातल्या मुलीने दोन्ही स्क्रीन निवांत वाचले. "सर, मॅडमचं बरोबर आहे."

सौमित्रचे कान लाल झाले. अक्षरं शोधत शोधत त्याने टाइप केलं, 'चुकलो. मामांनाही सांगतो.'

'आत्ता!'

मग त्याने भर दुकानात फोन लावला. "मामा, इरावती सिनेमांची भाषांतरं करते. हो, अगदी नोकरीसारखं काम. नाही हो मामा, टाइमपास मी करतो."

इरावतीने राखाडी कीबोर्ड काउंटरवर ठेवला.

"हा बांधून द्या," ती म्हणाली. "आणि यांना एखादा माउस दाखवा. दिवे लागणारा."