अर्धी हजर

"साक्षीदार हजर आहेत का?" नोंदणी अधिकाऱ्याने विचारलं आणि नेमका तेव्हाच लेकीच्या पिशवीतला फोन थरथरला.

"अर्धी आहे," आई म्हणाली.

आई अडुसष्ट वर्षांची. आज तिचं लग्न होतं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांशी. काकांनी नवा कोट शिवला होता आणि मनगटावर दोन घड्याळं बांधली होती. एक मागे पडलं तर असावं म्हणून. काकांचे दोन मित्र साक्षीदार होते आणि तिसरी साक्षीदार म्हणून लेक आली होती, अकरा वर्षांतली पहिली रजा घेऊन.

ती हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळायची. कुणाचं रक्त कोणतं, कुणाला कोणतं औषध चालत नाही, सगळं एकाच डिस्कच्या कपाटात होतं आणि त्या एका कपाटावर दोन मशीन. एक काम करायचं, दुसरं त्याच्या नाडीवर बोट ठेवून बसायचं. पहिलं पडलं की दुसरं पुढे. तिथे प्रत्येक गोष्टीला जोड होती. आपल्याला मात्र जोड नाही, असं तिचं स्वतःचं ठाम मत होतं. शेजारच्या टेबलावर सहा वर्षं एक सहकारी बसायचा खरा, पण त्याला ती मनात कासव म्हणायची. कुठलंही बटण दाबायच्या आधी तो चष्मा पुसायचा. चष्मा पुसून होईपर्यंत ती कीबोर्ड ओढून घ्यायची.

फोनवर कासवाचाच निरोप होता. 'पहिलं मशीन बोलत नाही. बंदही पडत नाही. दुसरं थांबलंय.'

मशीन मेलं तर काही बिघडत नाही. अर्धवट जिवंत राहिलं तर पंचाईत. दोघींनी एकमेकींना न विचारता एकाच भाजीत मीठ घालावं, तसं दोन्ही मशीन एकाच डिस्कवर लिहायला लागतात आणि मग सगळंच नासतं. म्हणून पहिलं नक्की गेलं अशी खात्री होईपर्यंत दुसरं डिस्कला हात लावत नाही. आणि तोवर चारशे रुग्णांची माहिती कुणालाच दिसत नाही.

"दोन मिनिटं," म्हणत ती उठली.

"बाहेर पुढचं जोडपं उभं आहे," अधिकारी म्हणाला. "बारापर्यंत सह्या झाल्या नाहीत, तर तुम्हाला नवी तारीख घ्यावी लागेल."

बाराला आठ मिनिटं कमी होती. काकांच्या दोन्ही घड्याळांत.

बाहेर येऊन तिने खिडकीच्या कट्ट्यावर पिशवीतला लॅपटॉप उघडला. पासवर्ड टाकला. प्रवेश नाही. पुन्हा टाकला. प्रवेश नाही. तिसऱ्यांदा एकेक अक्षर बोटाने टिपून टाकला. तरी नाही. तिने फोन लावला.

"अहो, माझं खातं चालत नाहीये!"

"हो. मी बंद केलं," कासव म्हणाला.

"तुम्ही काय केलंत?"

"तुम्ही तिथून पहिल्याला उठवायला जाल, मी इथून दुसऱ्याला ताबा देईन. दोघं एकदम लिहायला लागतील. कपाटाच्या दारावर तुमच्याच अक्षरात चिकटवलंय, मॅडम. 'जो धड गेलेला नाही, त्याला आधी नीट घालवा. मगच पुढचं काम.'" वर तो म्हणाला, "त्यात मशीन हा शब्द नाही."

तिची कानशिलं तापली. "ते राहू द्या! आधी मागची वायर बघा, मग..."

"उंटावरून शेळ्या हाकू नका. माझा चष्मा पुसून झालाय. ऐका."

फोनमधून खट्ट आवाज आला. पहिल्या मशीनच्या पंख्याची घरघर हळूहळू खाली उतरली आणि थांबली. मग काहीच नाही. ती मोजत राहिली. दहा. वीस. हाताशी दाबायला एकही बटण नव्हतं. तिसाच्या पुढे कुठेतरी लांबून एक बाई ओरडली, "आलं! सगळं दिसायला लागलं!"

"घेतला हो दुसऱ्याने ताबा, मॅडम!" कासव ओरडला. सहा वर्षांत त्याचा इतका मोठा आवाज तिने ऐकला नव्हता. "एक नोंद इकडची तिकडे नाही! ठेवतो आता. खातं उद्या सकाळी उघडीन."

आणि त्याने खरंच फोन ठेवला.

तिचं बोलणं असं तोडायची आजवर कुणाची टाप नव्हती. ती फोनकडे बघत उभी राहिली, आणि मग तिला हसू आलं. ते आवरेचना. बाकावर बसलेलं पुढचं जोडपंही उगाचच हसायला लागलं. अकरा वर्षं डोक्यावर घेतलेलं ओझं कुणीतरी न विचारता उतरवून ठेवलं होतं, आणि तिला शाळा सुटल्यासारखं वाटत होतं. तिने फोनचं बटण दाबून धरलं. पडदा काळा होईपर्यंत धरलं. मग फोन आणि लॅपटॉप पिशवीत तळाशी टाकले.

आत आई हातात पेन धरून तशीच बसली होती. सही केलेली नव्हती.

"तीन कमी," दोन्ही घड्याळं बघून काका म्हणाले.

अधिकाऱ्याने घसा साफ केला. "साक्षीदार हजर?"

आईने चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. तिच्या रिकाम्या हातांकडे, अजून न आवरलेल्या हसण्याकडे.

"आता आहे पूर्ण," आई म्हणाली, आणि सही केली.