चिंगीचा होकार

माकडांना आपलं बोलणं कळतं हे सिद्ध झाल्यापासून प्रयोगाआधी त्यांची संमती घ्यावी लागे. कॅमेरा लावून डॉक्टर शाल्मलीबाईंनी विचारलं, "चिंगे, उद्या तुला भूल देऊ. मग तू उठणार नाहीस. चालेल?"

पिंजऱ्यात दोन बटणं होती. हिरवं होकाराचं, लाल नकाराचं.

चिंगीला लहानाचं मोठं करणारा दिगंबर शेजारीच उभा होता. त्याला खूण करायचीही मनाई होती. 'लाल दाब गं बाई,' तो मनात म्हणत होता.

बटणं त्यानंच शिकवली होती. हिरवं दाबलं की शेंगदाणे. लाल दाबल्यावर काय द्यायचं, हे कुणाला सुचलंच नव्हतं.

चिंगीनं हिरवं दाबलं.

"चला, हो म्हणाली," शाल्मलीबाई म्हणाल्या.

चिंगीनं गजांतून दिगंबरपुढे हात पसरला.