कप्तानाला कोण सांगणार

कप्तान एनोच्या दाराची घंटा वाजवायच्या आधी हार्म ओल्थोफने गुडघा चोळून घेतला. पंधरा वर्षं फुटबॉलच्या बचावफळीत उभं राहून दुसऱ्यांचे बूट अंगावर घेतले, त्याची ही कमाई. पुढची सगळी वर्षं प्रशिक्षक म्हणून गेली. त्यात गुडघा वाचला, झोप मात्र गेली.

आज तर त्याला माघारी वळून सरळ घरी जावंसं वाटत होतं.

सकाळीच क्लबचे अध्यक्ष लुबर्स त्याला म्हणाले होते, "एनोचा खेळाडू म्हणून करार आम्ही वाढवत नाही. छत्तिशीला आला तो. तूच सांग त्याला, तुझ्या तोंडून ऐकलं तर बरं."

"हे बरंय! नको ते काम माझ्या गळ्यात," हार्म म्हणाला. "मग त्याला सहायक म्हणून माझ्या हाताखाली तरी द्या."

"आधी एवढं सांगून तर ये."

हार्मला आजवर चार क्लबांनी नारळ दिला होता. दर वेळी त्याला आधीच वास लागायचा. अध्यक्ष नजर चुकवायला लागायचे, फोन उचलायचे नाहीत. पण लुबर्सनी आज चक्क पाठीवर हात ठेवला होता. बिचाऱ्या एनोच्या वाट्याला तेवढंही आलं नव्हतं.

दार विब्केने, एनोच्या बायकोने, उघडलं. "मोईन, हार्म," तिने तिकडच्या पद्धतीने नमस्कार केला, आणि तिचा चेहरा उतरला. हिला कळलंय, हार्मच्या मनात आलं.

चहा आला. खडीसाखरेवर गरम चहा पडला की तडतड वाजतं, मग वर साय सोडायची आणि ढवळायचं नाही. तीन कप झाल्याशिवाय उठलं तर यजमानाचा अपमान. हार्मला ते सोयीचंच होतं. पहिला कप त्याने हवापाण्यावर काढला.

"सोमवारी कुठे असतोस रे हल्ली?" दुसऱ्या कपाला त्याने विचारलं.

"ओल्डेनबुर्गला. पाठीसाठी," एनो म्हणाला आणि बायकोकडे बघितलं. मग घाईने म्हणाला, "आपली उजवी बाजू फार उघडी पडतेय, कोच. तुमच्या जागी मी असतो तर बोयेला तिकडे हलवलं असतं."

"तू असतास तर मला घरी बसवलं असतंस, लेका!" हार्म हसला.

एनो हसला नाही.

विब्केने तिसरा कप ओतला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. आता टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"एनो, शनिवारी सामन्याआधी तुला फुलं देणार आहेत."

मोसमाच्या शेवटच्या सामन्याआधी मैदानावर गुच्छ मिळतो तो क्लब सोडणाऱ्याला. जास्त बोलावं लागलं नाही. एनोने मान खाली घातली.

"माहीत होतं मला."

"मला फार वाईट वाटतंय रे," हार्म म्हणाला. या माणसाच्या जिवावर त्याने इथे इतके मोसम काढले होते. त्याच्यावर ही वेळ स्वतःच्या हातांनी आणायची म्हणजे पोटच्या पोराला घराबाहेर काढण्यासारखं होतं. "पण तुला मी असा वाऱ्यावर सोडणार नाही. लुबर्सशी बोललोय मी. माझा सहायक म्हणून ये. ते अजून हो म्हणाले नाहीत, पण मी पिच्छा सोडणार नाही त्यांचा."

एनोने कप खाली ठेवला.

"कोच, लुबर्सनी तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

"आणखी काय सांगायचं होतं?"

"मीही त्यांच्याकडे हेच मागितलं होतं," एनो हळूच म्हणाला. "ओल्डेनबुर्गला मी प्रशिक्षकाचा कोर्स करत होतो, कोच. पुढच्या मोसमात तुम्ही माझे सहायक म्हणून राहावं. ते नाही म्हणाले."