झाकली मूठ

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची एक मुलगी गल्लीत घरोघरी फिरत होती. “आम्ही पाहणी करतोय, काकू. घरात कोणी आजारी आहे का?” शिवणकाम करणाऱ्या काकूंनी रेडिओचा आवाज वाढवून आतल्या खोलीतला नवऱ्याचा खोकला झाकला. “छे गं, आमच्याकडे सगळे ठणठणीत.” घरचं दुखणं परक्या पोरीपुढे कशाला मांडायचं? शेजारणींनाही त्यांनीच बजावलं, “झाकली मूठ सव्वा लाखाची, बायांनो.” सुट्टी संपताना मुलगी हसतच आली. “काकू, तुमची गल्ली सगळ्यांत निरोगी निघाली. म्हणून नवा दवाखाना आता पुलापलीकडच्या वस्तीला मिळणार.” काकूंच्या हातातली सुई थांबली. तो पूल चढताना नवऱ्याला मध्येच खाली बसावं लागायचं. “अगं, मी खोटं सांगितलं,” एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ओठांपर्यंत आलेलं गिळून त्या सवयीनं बोलून गेल्या, “तुझ्या तोंडात साखर पडो, पोरी.”