लुटुपुटूचा मुलगा

मुलगा एका मोठ्या कंपनीत प्रोग्राम लिहायचा. मागच्या खेपेला घरी आला, तेव्हा आईने विचारलं, “दिवसभर टकटक करून नेमकं करतोस तरी काय?”

“प्रोग्रामची परीक्षा घेतो, आई. पण खऱ्या डेटाबेसला हात लावायचा नाही. त्याच्या जागी एक खोटा बसवायचा, आणि काय विचारलं की काय उत्तर द्यायचं, ते त्याला आधीच पढवून ठेवायचं.”

“म्हणजे लुटुपुटूचा संसार. त्याचा पगार देतात होय?”

तो हसला, दोन दिवस राहिला आणि गेला. घर पुन्हा खायला उठलं. ‘मला तुझ्याकडे राहायला ने’ हे तिच्या ओठांवर यायचं आणि तिथेच अडायचं. जन्मात कुणापुढे पदर पसरला नव्हता तिने.

शेवटी एके दुपारी तिने खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीला खुर्चीत बसवलं. “तू माझा मुलगा. मी विचारलं की म्हणायचं, ‘ये ना आई, तुझी खोली तयारच आहे.’”

“आणि काकू, तो नाही म्हणाला तर?”

“ते पढवलंय का मी तुला? मग गप बस.”

तिने विचारलं. शिवणवालीने पढवलेलं उत्तर दिलं. म्हातारीचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

“जमलं की, काकू.” शिवणवालीने फोन तिच्या हातात दिला. “लावा आता खऱ्याला.”



म्हातारीने फोन उशीखाली सारला. “उद्या परत ये,” ती म्हणाली. “अजून एकदा विचारून बघते.”