मावेल तेवढं

“माणसाची संस्कृती कपड्यांची घडी घालण्यात नाही, सुरळी करण्यात आहे,” असं निवृत्त स्टोअरकीपर दर प्रवासाआधी जाहीर करत आणि हरवलेला मोजा शोधायला पलंगाखाली शिरत.

शर्टांच्या सुरळ्या, बुटांत मोजे, टॉवेलच्या पोटात दाढीचं सामान. एवढं करूनही बॅग त्यांच्याच सामानाने भरे. मग ते बायकोला म्हणत, “तुझे दोन जोड काढ बघू. तिथे कोण बघायला बसलंय तुला?” एकतीस वर्षं ती निमूट काढत आली.

आज दुपारी ते खोलीत डोकावले, तर ती एकटीच बॅग भरत होती. घट्ट सुरळ्या, बुटांत मोजे, फटीफटीत रुमाल. त्यांना अगदी भरून आलं.

“शिकलीस एकदाची. गुरू कोण?”

“तुम्हीच की.”

“पण बहिणीकडे चार दिवस जायला दोन-दोन स्वेटर कशाला? आणि हे पदवीचं सर्टिफिकेट? काढ ते, उगाच जागा अडते.”

“नाही काढणार. चार दिवसांसाठी नाही चाललेय. आता तिच्याकडेच राहणार आहे मी, कायमची.”

त्यांनी पुन्हा बॅगेत पाहिलं. त्यांचा एक रुमालसुद्धा नव्हता. तिने झाकण मिटलं, चेन ओढली. ती अर्ध्यावर अडली.



“अहो, जरा बसता का हिच्यावर? एवढी चेन लागू दे.”