ईशाचं व्याज

"काका, तो टॅक्स माझ्यावर टाका," केतन दारातूनच म्हणाला. रेनकोटाचं पाणी करसल्लागार सहदेवकाकांच्या ऑफिसच्या फरशीवर ठिबकत होतं, पण त्याला त्याचं भान नव्हतं.

रिटर्न भरायची मुदत जवळ आली होती, त्यामुळे ऑफिसातली बाकं भरलेली. या टेबलासमोर बसणारा प्रत्येक जण कर कसा कमी होईल म्हणून काकांच्या मागे लागायचा. हा पठ्ठ्या एकटाच वाढवा म्हणत होता, आणि चेहरा असा की लॉटरी लागली असावी. बाकावर बसलेल्या महिपतराव आंबेवाल्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"कसला टॅक्स रे?"

"ईशाच्या ठेवीचा. आजोबांनी तिच्या नावावर ठेवलीय ना, तिचं व्याज. दरवर्षी तुम्ही रसिकाच्या उत्पन्नात धरता. यंदा माझ्यात धरा."

केतन आणि रसिकाचा घटस्फोट झाला, संसार वाटला गेला, पण काका काही वाटता आले नाहीत. दोघांचेही रिटर्न तेच भरत. मुलीचा, ईशाचा ताबा कोर्टाने दोघांना दिला होता. पण लहान मुलाचं व्याज आईबापांपैकी एकाच्याच उत्पन्नात धरतात, आणि काडीमोड झालेला असेल तर जो सांभाळतो त्याच्या. आजवर ती रसिका होती. मग मागल्या वर्षी तिची बदली हेदवीच्या शाळेत झाली, आणि ईशा शाळेसाठी मिरजोळ्याला बापाकडे राहिली. दर शनिवारी केतन तिला जयगडच्या फेरीबोटीने खाडीपलीकडे नेऊन रसिकाच्या हाती द्यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत आणायचा.

'जो सांभाळतो त्याच्या.' हे आज सकाळी त्याने मोबाइलवर वाचलं आणि कंपनीत अर्धी रजा टाकून तडक इथे आला. कोर्टात रसिकाचा वकील त्याला सुट्टीतला बाप म्हणाला होता. ते त्याला फार लागलं होतं. आता सरकारनेच विचारलं होतं, पोर कोण सांभाळतं, आणि उत्तर द्यायला तो हात वर करून उभा होता.

"तुझं म्हणणं कळलं," काका म्हणाले. "पण एक पोर दोघांत धरता येत नाय. रसिकाला विचारल्याशिवाय मी काय करायचा नाय."

त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे शाळेतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता.

"कशाला, काका? दरवर्षी मी भरते, यंदाही भरेन."

"केतन म्हणतोय, ईशाला तो सांभाळतो."

"तो?" रसिका हसली. "तो कंपनीत असतो. सांभाळते घरातली त्याची वहिनी. मला काय माहीत नाही?"

केतनचा सगळा उत्साह मावळला. गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण ते श्रेय वहिनीच्या नावावर जाऊ द्यायला त्याचा जीव होईना.

"वहिनी गेल्या गणपतीपासून मुंबईला आहे, दादाकडे," तो म्हणाला. "घरात मी आणि ईशाच."

गलका लांब गेला. रसिका वर्गाबाहेर आली असावी.

"हे मला कोणी सांगितलं नाही."

"तू ईशाला घेऊन जाशील म्हणून नाही सांगितलं. तिलाही बोलू नको म्हटलं."

आपण आपल्याच हाताने पोर घालवून बसलो, असं केतनला वाटलं. टॅक्स मागायला आलो आणि हे काय करून ठेवलं.

"मग वेण्या कोण घालतं?" रसिकाने विचारलं.

"कसल्या वेण्या?"

"शनिवारी फेरीबोटीतून उतरते तेव्हा दोन वेण्या असतात. भांग सरळ, रिबनी घट्ट."

"मीच घालतो."

"तू?"

"आधी सुटायच्या. शाळेतून यायची तेव्हा रिबनी दप्तरात आणि केस तोंडावर. मग कंपनीत जेवणाच्या सुट्टीत नायलॉनच्या दोरीवर शिकलो. सगळे हसायचे."

महिपतरावांनी नकळत आपल्या टकलावरून हात फिरवला. सहदेवकाका उगाच चष्मा पुसत बसले.

मग रसिका म्हणाली, "आणि मी दर शनिवारी मनातल्या मनात तुझ्या वहिनीचे आभार मानत होते."

केतनने टेबलावरचा पेन उचलला आणि परत ठेवला.

"काका, यंदा त्याच्यात धरा."

"नक्की? मग तुला धरता यायचं नाय हो."

"धरा त्याच्यात. आणि केतन, तेल जरा कमी लाव. माझ्या उशांच्या अभ्र्यांचे डाग निघत नाहीत."

"बरं," केतन म्हणाला. त्याचा चेहरा आल्या वेळेपेक्षाही उजळ होता. घाईत त्याने सही चुकीच्या रकान्यात केली, म्हणून काकांनी ती दोनदा घेतली. मग तो काकांच्या पाया पडला, रेनकोट तिथेच विसरला आणि जिना उतरायला धावला.

"मोठा रिफंड मिळालेला दिसतोय," महिपतराव मागून गमतीने म्हणाले.

केतन अर्ध्या जिन्यात वळला.

"नाय ओ," तो हसत म्हणाला, "टॅक्स भरायचाय."